पायानं खोटं, तोंडानं खरं

गावंडे मास्तर राख मागत फिरायचे.

अकोल्यात आमच्या गल्लीत सकाळी आठच्या सुमाराला मागल्या दाराशी हाक यायची, "वैनी, राख हाय का?" आणि आई कपाळाला हात लावायची. राख म्हणजे फुकटची वस्तू असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या काळात भांडी घासलेली नाहीत. चुलीतली राख घरातच पुरायची नाही. तरी आई अर्धं टोपलं द्यायची, कारण दिलं नाही तर मास्तर हलायचे नाहीत. दाराशी उभे राहून मामाची तब्येत, मिरच्यांचं वाळवण, गाय व्याली का, सगळं विचारत राहायचे. बरं, मिळेल ती राख घ्यावी की नाही? तेही नाही. टोपल्यात बोट घालून बघायचे आणि म्हणायचे, "ही कोळशाची हाय वैनी. मातीत दिसत नाही. पऱ्हाटीची द्या. पऱ्हाटीची कशी पांढरीशुभ्र पडते." कपाशीच्या वाळल्या झाडांना आमच्याकडे पऱ्हाट्या म्हणतात आणि कापूस वेचून झाला की वऱ्हाडातल्या सगळ्या चुली त्यांच्यावरच पेटतात. मागून खाणारा माणूस इतका चोखंदळ मी पुन्हा पाहिला नाही.

ही राख जायची आमच्या मुलींच्या शाळेमागच्या मैदानावर. मैदान काळ्या मातीचं. त्यावर सुतळी ताणून, चाळणीनं राख सोडत मास्तर आट्यापाट्यांच्या रेघा मारायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून अवकाश होता. मास्तर मुळात मुलांच्या शाळेचे ड्रिलमास्तर. आमच्या शाळेत ते आठवड्यातून तीनदा यायचे, शेवटच्या तासाला. त्याला आम्ही खेळाचा तास म्हणायचो. लंगडी, खो-खो, लगोरी सगळं व्हायचं, पण मास्तरांचा जीव आट्यापाट्यांवर.

अंगानं ते चांगले गरगरीत होते. कोट घालायचे, त्याची वरची दोन बटणं लागायची आणि खालची लागायची नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस काय खेळ शिकवणार. मग ते रेघेवर उतरायचे. उजवीकडे जातील असं खांद्यानं दाखवायचे, डोळ्यांनी दाखवायचे, पाऊलही उचलायचे, आणि आपण तिकडे धावलो की हे डावीकडून पार. मातीवर पायाचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. एवढं वजन कुठे जायचं देव जाणे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदानावर आडव्या नऊ रेघा, त्या म्हणजे पाट्या. एका बाजूच्या मुली एकेका पाटीवर उभ्या राहतात. पाटी सोडायची नाही, तिच्यावरच इकडून तिकडे धावायचं आणि पार होणारीला हात लावायचा. दुसऱ्या बाजूच्या मुलींनी सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे जायचं आणि तशाच परत यायचं. जिला हात लागला ती बाद. जी सुखरूप परत आली तिनं बाजूला एक लोण मिळवून दिलं. ज्या बाजूची लोणं जास्त, ती बाजू जिंकली. आता इतक्या जणींना चुकवून जायचं तर सरळ चालून भागत नाही, हुलकावण्या द्याव्या लागतात. पण ह्या हुलकावण्यांना मास्तरांनी एक कुंपण घातलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांला ओळीत बसवून सांगितलं, "पोरीहो, ह्या खेळात पायानं खोटं बोलाचं आन तोंडानं खरं. उलटं केलं तं घरी जा."

म्हणजे असं, की त्यांच्याकडे पंच नव्हता. जिला हात लागला तिनं आपणच हात वर करायचा आणि बाजूला जाऊन मांडी घालून बसायचं. कुणी पाहो न पाहो. एकदा मी म्हटलं, "गुर्जी, मुलांच्या शाळेत शिट्टी वाजवतात. आपण का नाही?" तर म्हणाले, "शिट्टी रेल्वेच्या गार्डाले लागते. तुले काहून पाह्यजे? तुह्या अंगाले हात लागला तं तुले समजत नाही का?" सुरुवातीला भांडणं झाली. "लागली", "नाही लागली", झिंज्या धरण्यापर्यंत वेळ आली. मास्तर मध्ये पडायचे नाहीत. कोटाच्या खिशात हात घालून उभे राहायचे. दोन-तीन महिन्यांत भांडणं आपोआप कमी झाली, कारण खोटं बोलणारीला पुढच्या वेळी कुणी जोडीला घेईना.

खेळ संपला की फुटाणे मिळायचे. शाळेजवळ नूरबीची भट्टी होती. ती आणि तिचा नवरा चणे-ज्वारी भाजून विकायचे. मास्तर तिच्याकडून राखही न्यायचे आणि फुटाणेही. ती त्यांची चेष्टा करायची. "मास्टर, आज राख कम हाय. पोरींना जरा कम दौडवा." फुटाणे वाटायची पद्धत मात्र मास्तरांची स्वतःची होती. जिंकलेल्या बाजूनं वाटायचे आणि हरलेल्या बाजूनं आधी खायचे. उरले तर जिंकलेल्यांना. मी त्या काळात खाण्याच्या बाबतीत फार हुशार होते. सलग चार खेपा मी पहिल्याच पाटीवर बाद झाले. पाचव्या खेपेला खेळ सुरू व्हायच्या आधी मास्तरांनी मला बोलावलं, माझ्या ओच्यात तीन मुठी फुटाणे घातले आणि म्हणाले, "रमे, आधी खाऊन घे. मंग खेळ. मले घाई नाही." सगळ्या जणी थांबल्या होत्या. चाळीस मुली बघत असताना फुटाणे खाणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी समजलं. पुन्हा मी मुद्दाम हरले नाही. तशी हरायचे, पण मनापासून.

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट डिप्टीसाहेबांची. शाळातपासणीला साहेब आले त्या दिवशी एक मुलगी कमी होती म्हणून मास्तर स्वतः डावात उतरले होते. पहिलीतल्या चिमीनं मागून त्यांच्या कोपराला बोट लावलं. ते आम्ही कुणी पाहिलं नव्हतं, चिमीलाही धड कळलं नव्हतं. मास्तरांनी हात वर केला आणि बाद झालेल्या मुलींच्या ओळीत जाऊन मांडी घालून बसले. तेवढ्यात मोठ्या बाई साहेबांना घेऊन मैदानावर आल्या.

"ड्रिलमास्तर कोण?" साहेबांनी विचारलं.

"मीच, साहेब," मास्तर खालून म्हणाले.

"मग उठा की."

"उठता येत नाही, साहेब. मी बाद हाय. हा डाव सरला का उठतो. लई वेळ नाही लागत."

मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब उन्हात उभे, मास्तर जमिनीवर, आणि आमचा डाव त्या दिवशी मेला संपता संपेना. शेवटी संपला, तेव्हा मास्तर उठले, कोट झटकला आणि लवून नमस्कार केला. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं की मास्तरांना वरिष्ठांशी वागण्याची रीत शिकवावी. तो शेरा मास्तरांनी आम्हांला मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "खरं लिवलं हाय. ती रीत मले येत नाही."

आता दुर्गीबद्दल सांगायला हवं. दुर्गी माझ्या वर्गातली, गावातल्या एका भटजींची मुलगी. घरात पाच भावंडं, सोवळं-ओवळं, पाणी भरणं, सगळं तिच्यावर. घरी ती बोलायची नाही, वर्गातही नाही. मैदानावर आली की मात्र वेगळीच व्हायची. उंच, सडसडीत, आणि हुलकावणी अशी द्यायची की मास्तरसुद्धा दोनदा फसले. फसल्यावर त्यांना कोण आनंद. दुसऱ्या दिवशी राख मागताना आईला सांगत होते, "वैनी, ती भटाची दुर्गी, तिनं मले काल पार येडं बनवलं." एका गोष्टीवरून मात्र ते तिला सारखे बोलायचे. तिची वेणी कमरेच्या खाली जायची. "वर बांध ते," ते म्हणायचे. "वेनीबी तुहीच हाय. वेनीले हात लागला म्हंजे तुले लागला." दुर्गी वेणीचा आंबाडा घालायची, आणि धावता धावता तो सुटायचा. तिचं लग्न ठरवायचं चाललं होतं. मला ती एकदा म्हणाली होती, "रमे, हा तास हाय तवरच माह्यं काही खरं हाय." तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नाही.

गावात कुरबुर सुरू झाली होतीच. वयात आलेल्या मुली परकर खोचून मोकळ्या मैदानावर पळतात, शिकवायला पुरुष मास्तर, वगैरे. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष एक रावसाहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण दहा जणांचं ऐकून अकराव्याला शब्द द्यायचा त्यांचा स्वभाव. माझे वडील वकील, ते कमिटीत होते आणि खेळाच्या बाजूचे होते. बैठकीत खूप घासाघीस झाली. शेवटी रावसाहेब म्हणाले, "अमरावतीच्या मुलींच्या शाळेतही हा खेळ आहे म्हणता ना? जा, त्यांना हरवून या. गावाला काहीतरी दाखवता आलं तर मला तास चालू ठेवता येईल. हरलात तर तास बंद, आणि मास्तर परत मुलांच्या शाळेत." वडिलांनी हे मान्य केलं. मास्तरांना विचारलंच नाही कुणी.

मास्तर त्यानंतर महिनाभर हसले नाहीत. फुटाणे वाटायचे, पण लक्ष नसायचं. एकदा रेघा मारता मारता त्यांनी एक पाटी चक्क वाकडी मारली आणि त्यांना ते दिसलंही नाही. मी दाखवलं तेव्हा पायानं पुसून पुन्हा मारली.

अकोल्याहून बडनेरा आणि तिथून गाडी बदलून अमरावती. मोठ्या बाई, मास्तर आणि आम्ही अकरा जणी. मी राखीव होते, म्हणजे पाण्याची कळशी सांभाळायला. अमरावतीचं मैदान आमच्यापेक्षा चांगलं होतं. रेघा चुन्याच्या. त्यांच्याकडे पंच होता, मुलांच्या शाळेतले एक तरुण मास्तर, गळ्यात शिट्टी अडकवलेली. आमच्या मास्तरांनी त्या शिट्टीकडे नुसतं पाहिलं.

पहिला डाव त्यांचा. त्यांनी तीन लोणं केली. मग आमच्या मुली उतरल्या. दोन बाद, एक लोण, आणखी एक बाद, असं करत आमचीही तीन झाली. आता मैदानात एकटी दुर्गी उरली होती. ती सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे गेली होती आणि परत येत होती. ती आली तर चार. आम्ही जिंकलो. मी मास्तरांच्या शेजारी कळशीजवळ उभी होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

शेवटची पाटी राहिली. त्या पाटीवर एक ठेंगणी, सावळी मुलगी होती. तिच्या मैत्रिणी "कमे, कमे" म्हणून ओरडत होत्या. दुर्गीनं डावीकडे खांदा टाकला, कमी तिकडे गेली, दुर्गी उजवीकडून निघाली. पण त्याच क्षणी तिचा आंबाडा सुटला. वेणी मागे उडाली आणि कमीनं वळता वळता हात टाकला. दुर्गी पार झाली.

"लागली," कमी म्हणाली. "वेणीला लागली."

पंच पलीकडच्या बाजूला होता. तो धावत आला. "मला दिसलं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग त्यानं दुर्गीला विचारलं, "तूच सांग बाळ. लागली?"

दुर्गीनं मास्तरांकडे पाहिलं. मी सांगते, मी मास्तरांच्या शेजारीच उभी होते, मला दोघांचेही चेहरे दिसत होते. मास्तर एकदम खाली वाकले आणि जोड्यातला खडा काढू लागले. जोडा काढला, झटकला, पुन्हा झटकला. त्यात खडा नव्हता.

"नाही," दुर्गी म्हणाली.

पंचानं शिट्टी वाजवली. आमच्या मुलींनी दुर्गीला उचललं, मोठ्या बाईंनी पदरानं डोळे पुसले. मी त्या कमीकडे बघत होते. ती पाटीवरच उभी होती, अजूनही पाटी सोडायची नाही अशा थाटात. आपली बोटं तिनं नाकाशी नेली, वास घेतला, आणि त्यांच्या बाईंना दाखवली. बोटांना खोबरेल लागलेलं असणार, दुर्गीची आई रोज वाटीभर तेल थापायची. त्यांच्या बाई म्हणाल्या, "जाऊ दे ग, पाहुण्या आहेत." कमीनं बोटं परकराला पुसली. मी मास्तरांकडे पाहिलं. ते जोडा पायात घालत होते, पण डोळे तिच्याकडे होते.

परतीच्या गाडीत फुटाणे निघाले. आम्ही जिंकलो होतो, म्हणून आमच्यापैकी कुणी आधी खायचं हेच कळेना. मास्तर म्हणाले, "खा सगळ्या." स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. दुर्गीनं फुटाणे मुठीत धरले आणि अकोल्याला उतरताना माझ्या हातात दिले. मी ते खाल्ले. मला तर भूक लागली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी कमिटी बसली. रावसाहेब पेढे घेऊन आले होते. मी चहाचे कप घेऊन दाराशी उभी, तेवढ्यात मास्तर आले. त्यांना बोलावलेलं नव्हतं. ते बसले नाहीत. म्हणाले, "रावसाहेब, आमी जिंकलो नाही. पोरीच्या वेनीले हात लागला होता. त्या पोरीच्या बोटाले तेल होतं. म्या पाह्यलं."

मग माझे वडील म्हणाले, "मास्तर, हे तुम्हांला कुणी विचारलं होतं?"

"कोनी नाही विचारलं, वकीलसाहेब. म्हनूनच सांगा लागते."

"म्हणजे त्या मुलीनं खोटं सांगितलं," रावसाहेब म्हणाले.

"तिनं नाही. म्या. तिनं माह्याकडे पाह्यलं आन म्या मान खाली घातली. मास्तरनं मान खाली घातल्यावर लेकरू काय करन? तिले काही म्हनू नका."

रावसाहेबांनी थोडा वेळ पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. ते चिडले नाहीत, हे मला आजही विशेष वाटतं. म्हणाले, "मग ठरल्याप्रमाणे. हरलो तर तास बंद, असं ठरलं होतं." मास्तर म्हणाले, "हो, ठरलं होतं." आणि नमस्कार करून गेले. पेढ्यांना कुणी हात लावला नाही.

त्या दिवशी जेवताना वडील फार चिडले होते. "या माणसाला आपलं मन धुऊन घ्यायचं होतं," ते आईला म्हणाले. "आणि साबण कुणाचा वापरला? चाळीस पोरींचा. गप्प बसला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?" आई वाढता वाढता म्हणाली, "त्या अमरावतीच्या पोरीचं बिघडलंच की." वडील म्हणाले, "तिला दुसऱ्या डावाला मैदान होतं. आपल्या पोरींना नाही." आईनं भात वाढला आणि विषय संपला.

माझा राग वडिलांच्या बाजूचा होता. आता इतकं वय झालं, नातवंडं झाली, तरी थोडा आहेच. मास्तरांवर माझं प्रेम होतं, आणि त्यांनी माझा खेळ घालवला, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोक मला म्हणतात, किती थोर माणूस. थोर होता, हो. पण त्या थोरपणाचा भुर्दंड आम्ही भरला, आणि आम्हांला न विचारता. दुसऱ्या दिवशीपासून शेवटच्या तासाला आम्हांला भरतकाम आलं. पाऊस पडून गेल्यावर मैदानावर गवत उगवलं आणि रावसाहेबांच्या गाई चरायला लागल्या. दुर्गीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात दर्यापूरला झालं. नंतर ती मला दोनदाच भेटली, दोन्ही वेळा लग्नकार्यात, कडेवर मूल. मी परतवाड्याला सासरी असताना भावाचं पत्र आलं की गावंडे मास्तर गेले. शेवटपर्यंत मुलांच्या शाळेतच होते, आणि तिथेही त्यांनी म्हणे शिट्टी घेतली नाही.

मला मात्र ते आठवतात ते तास बंद झाल्यानंतरच्या शनिवारचे. सकाळची शाळा सुटली होती. मास्तरांची सुतळी, खुंट्या आणि चाळणी आमच्या शाळेच्या ओसरीवर असायची, ती न्यायला ते आले होते. दुर्गी आणि मी ओसरीवरच बसलो होतो. दुर्गीला घरी जायची घाई असायची, पण त्या दिवशी ती उठायला तयार नव्हती. मास्तरांनी सुतळी गुंडाळली. मग आमच्याजवळ आले.

"दुर्गे," ते म्हणाले, "मनाले लावून घेऊ नको. तू विचारलं आन म्या सांगतलं नाही. तुह्या अंगावर काही नाही."

दुर्गीनं मान वर केली नाही. "गुर्जी, म्या विचारासाठी नोतं पाह्यलं."

"मंग?"

"तुमी सांगून द्यान, असं वाटलं. सांगू नका म्हनून पाह्यलं."

मास्तरांच्या हातातली सुतळी सुटायला लागली होती, ती त्यांनी पुन्हा गुंडाळली. "म्हंजे तुले लागल्याचं मालूम होतं," ते म्हणाले.

"हो. वेनी वढल्यासारखी झाली."

मला वाटलं आता रागावतील. ते ओसरीच्या खांबाला टेकले आणि म्हणाले, "मले वाटत होतं, खोटा मी एकलाच हाय." त्यांच्या आवाजात मला जे ऐकू आलं ते सुटकेसारखं होतं.

दुर्गी रडायला लागली. "मी हो म्हनली असती तरी तास गेला असता. नाही म्हनली तरी गेला. मंग तुमी काहून सांगतलं, गुर्जी?"

"मले नीट सांगता येत नाही," मास्तर म्हणाले. "ते पोरगी बोटं पुसत होती. ते डोळ्यांपुढून जात नाही."

दुर्गीनं परकरानं नाक पुसलं. "तिचं पूर्ण नाव काय हाय?"

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. त्यावर अमरावतीच्या शाळेचा पत्ता होता आणि वर चि. कमल असं लिहिलेलं होतं. खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात तीन-चार ओळी. "परवापासून खिशात हाय," ते म्हणाले. "कमिटीले सांगनं सोपं होतं. हे पेटीत टाकाले हात होत नाही."

दुर्गीनं हात पुढे केला. त्यांनी कार्ड दिलं, कानावरची पेन्सिलही दिली. ओसरी खडबडीत, खाली धरायला पाटी नाही, पुस्तक नाही. दुर्गी इकडेतिकडे बघू लागली. तेव्हा मास्तर वळले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि ओणवे झाले. दुर्गीनं त्यांच्या रुंद पाठीवर कार्ड ठेवलं आणि त्यांच्या ओळींच्या खाली, उरलेल्या जागेत लिहिलं, "मला हात लागला होता. दुर्गा." तिचं अक्षर वाईट होतं, तिला वेळ लागला. ती लिहीत होती तोवर मास्तर जराही हलले नाहीत.